हाले, तंजावर आणि चाकण

एखाद्या विद्यालयाची योग्यता ठरवू लागले म्हणजे आपण बहुधा तीन गोष्टी पाहतो: परीक्षांचे निकाल, इमारतींचा विस्तार आणि तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांस मिळणारे वेतन. ह्या तिन्ही गोष्टी मोजता येतात, म्हणून त्या पाहणे सोपे जाते. परंतु ज्या गोष्टी मोजता येत नाहीत, आणि तरीही ज्यांच्यामुळे एका विद्यालयाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यालयाच्या विद्यार्थ्याहून निराळा ओळखू येतो, त्या कोठून येतात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिक्षकाने विद्यार्थ्याशी कसे बोलावे, हाताने करावयाच्या कामास कितपत मान द्यावा, गरिबाच्या मुलास कोठे बसवावे, न पटलेली गोष्ट वर्गात बोलून दाखवावी की गिळून टाकावी, ह्यांविषयीचे नियम कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेले नसतात. ते संस्थापकांच्या पिढीकडून आणि त्या पिढीच्या पाठीशी असलेल्या एखाद्या श्रद्धेकडून चालत आलेले असतात. आणि ती श्रद्धा मंदावल्यावरही ते पुष्कळ काळ पाळले जातात.

अमेरिकेतील लूथरपंथी लोकांनी स्थापन केलेली महाविद्यालये ह्या प्रश्नाचा विचार मोठ्या जागरूकतेने करीत आली आहेत. गेटिसबर्गचे महाविद्यालय १८३२ साली निघाले, स्वीडनहून आलेल्या लोकांचे ऑगस्टाना १८६० साली, नॉर्वेहून आलेल्या लोकांचे सेंट ओलाफ १८७४ साली. ह्या संस्थांत आज सर्व धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारेही विद्यार्थी साहित्य, तत्त्वज्ञान, गणित, संगीत असे उदार विषय शिकतात; तरीही आपला लूथरी वारसा म्हणजे नेमके काय, हे त्या स्वतःस पुन्हा पुन्हा विचारतात. वाचकांस वाटेल की ह्या दूरदेशीच्या चर्चेशी मराठी माणसाचा संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. ज्या वर्षी गेटिसबर्गचे महाविद्यालय निघाले त्याच १८३२ साली तंजावरास सरफोजी राजे भोसले निवर्तले. त्यांच्या मनाची घडण एका लूथरपंथी गुरूने केली होती. आणि त्या घडणीतून तंजावरास जे ग्रंथालय, जी शाळा व जो छापखाना उभा राहिला, त्यांचा इतिहास ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील चर्चेपेक्षा आम्हांस अधिक जवळून देतो.

तो इतिहास आजच आठवण्याचे आणखी एक कारण आहे. शिवनेरी व चाकण हे किल्ले आणि पुणे व सुपे हे परगणे मालोजी भोसल्यांस निजामशाहीकडून मिळाले, असे जुन्या बखरी सांगतात. त्याच घराण्याची एक शाखा शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांच्याबरोबर १६७५ च्या सुमारास कावेरीकाठी स्थिर झाली. मूळच्या जहागिरीतील चाकण आज निराळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध जो भुईकोट लढवला, त्याच्या परिसरात आता मोटारींचे प्रचंड कारखाने आहेत. त्यांत फोक्सवागन व मर्सिडीज ह्या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ सालापासून चालू आहेत. पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण ह्या पट्ट्यातील कित्येक घरांतून मुले-मुली नोकरीच्या आशेने जर्मन भाषा शिकतात. जर्मन यंत्र व जर्मन शिस्त हे शब्द तेथे सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु ह्याच भोसले कुळातील एका राजपुत्रास एका जर्मनाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी विद्यादान केले होते, आणि त्या यंत्रामागे व त्या शिस्तीमागे शाळेची एक दीर्घ परंपरा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

ती परंपरा जेथून निघाली तेथूनच आरंभ करू. मार्टिन लूथर हा धर्मसुधारक म्हणून आपणांस ठाऊक असतो. तो विटेनबर्ग येथील विश्वविद्यालयात अध्यापक होता, हे मात्र आपण विसरतो. १५१७ साली त्याने जो वाद आरंभिला तो अध्यापकाने विद्वानांपुढे मांडावयाच्या विधानांच्या रूपाने आरंभिला. १५२२ साली त्याने नव्या कराराचे आणि १५३४ पर्यंत सबंध बायबलाचे जर्मन भाषांतर सिद्ध केले. धर्मग्रंथ लोकभाषेत आला म्हणजे तो वाचता आला पाहिजे, आणि तो सर्वांस वाचता यावयाचा तर गावोगाव शाळा पाहिजेत, हा विचार त्यातून क्रमानेच प्राप्त झाला. १५२४ साली जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात त्याने मुलांबरोबर मुलींसाठीही शाळा काढण्याचा आग्रह धरला, आणि तटबंदीवर व रस्त्यांवर जर पैसा खर्चावयाचा तर शाळांवर का खर्चू नये, अशा आशयाचा प्रश्न विचारला. त्याचा सहकारी मेलांख्थॉन हा ग्रीक भाषेचा पंडित. त्याने शाळांचे अभ्यासक्रम आखले, पाठ्यपुस्तके लिहिली, आणि त्यास लोक जर्मनीचा शिक्षक म्हणू लागले.

लूथराच्या शिकवणीतील आणखी तीन गोष्टींचा शाळांवर खोल परिणाम झाला. पहिली ही की, चांभाराचे, शेतकऱ्याचे किंवा दाईचे काम हे संन्याशाच्या व्रताहून देवास कमी प्रिय नाही. प्रत्येकाचा धंदा ही त्यास आलेली हाकच आहे. दुसरी ही की, संसारातील व्यवहार, राज्यकारभार, गणित, वैद्यक ह्या क्षेत्रांत मनुष्याने आपली बुद्धी चालवावी. तेथे धर्मगुरूची आज्ञा विचारण्याचे कारण नाही. केप्लर हा ग्रहगतींचे नियम शोधणारा ज्योतिषी ट्यूबिंगेन येथील लूथरपंथी विद्यालयात धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिसरी गोष्ट सामुदायिक गायनाची. देवळात पुरोहिताने गावे व लोकांनी ऐकावे ही रीत मोडून लूथराने साऱ्या लोकांस त्यांच्या भाषेत गावयास लाविले. ज्ञानेश्वरी व अभंग ज्यांच्या कानावरून गेले आहेत, सावता माळ्याची कथा ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्यांस ह्यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात आमच्या संतांची चळवळ आणि युरोपातील धर्मसुधारणा ह्यांचे साम्य दाखविले ते ह्यामुळेच.

साम्याबरोबर एक भेदही आहे, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आमच्या संतांची भाषा लोकांची होती, त्यांचे गाणे लोकांचे होते, त्यांच्या दृष्टीने कामही पूजेसमान होते. पण त्यांच्या चळवळीतून गावोगाव शाळा निघाल्या नाहीत. लूथराच्या मागे नगरसभा होत्या, संस्थानिक होते, छापखाने होते. तेराव्या शतकातील आळंदीस आणि सतराव्या शतकातील देहूस ह्यांपैकी काय उपलब्ध होते? हा दोष संतांचा नव्हे. परंतु परिणाम मात्र आपण भोगला.

लूथराच्या मरणानंतर त्याच्या पंथातही शुष्क वादविवाद माजले. त्यास कंटाळून जे भक्तिमार्गी लोक पुढे आले त्यांत हाले नगरातील ऑगस्ट हेर्मान फ्रांके हा प्रमुख होय. १६९५ साली त्याने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १६९८ साली अनाथालयाच्या इमारतीची पायाभरणी केली. पाहता पाहता तेथे लहानसे नगरच वसले: निरनिराळ्या दर्जांच्या शाळा, ग्रंथालय, छापखाना, औषधशाळा आणि देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तूंचे संग्रहालय. तेथील वरिष्ठ शाळेत मुलांस लॅटिनबरोबर वनस्पती ओळखणे, लाकूड कातणे, काच घासणे हेही शिकविले जाई. पुस्तकातील शब्दाबरोबर प्रत्यक्ष वस्तू विद्यार्थ्याच्या हाती पडली पाहिजे, हे त्या शाळेचे सूत्र. ह्याच हालेत शिकलेल्या व तेथेच शिकविलेल्या हेकरने १७४७ साली बर्लिन येथे व्यवहारोपयोगी विद्यांची शाळा काढली. जर्मनीच्या औद्योगिक शिक्षणाचे मूळ एकट्या हालेत शोधणे बरोबर होणार नाही, कारण कारागिरांच्या संघांतील उमेदवारीची चाल त्याहून जुनी आहे. तथापि हाताच्या कामास शाळेत प्रतिष्ठेची जागा मिळाली ती अशा शाळांमुळे, ह्यात संशय नाही.

हालेत शिकलेले दोन तरुण, झीगेनबाल्ग व प्ल्यूचाउ, १७०६ साली डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तरंगंबाडीस उतरले. ह्या बंदरास युरोपीय लोक ट्रांकेबार म्हणत. झीगेनबाल्गने प्रथम तमिळ शिकण्याचे काम हाती घेतले. एका वर्षाच्या आत मुलींची शाळा निघाली. पुढे छापखाना आला आणि १७१५ पर्यंत तमिळ भाषेतील नवा करार छापून झाला. भाषा, शाळा, छापखाना हा क्रम विटेनबर्गचाच होता. ह्याच तरंगंबाडीस १७५० साली ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ नावाचा तरुण आला. तो प्रशियातील झोनेनबुर्ग गावचा, शिक्षण हालेस. पुढील अठ्ठेचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी परतला नाही. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी ह्या भाषा त्याने आत्मसात केल्या, आणि १७७८ पासून तंजावरास कायमचे राहिल्यावर दरबारची भाषा म्हणून मराठीही शिकून घेतली. हैदर अलीकडे शिष्टाई करण्यास १७७९ साली इंग्रजांनी त्यास श्रीरंगपट्टणास पाठविले होते. त्याने साहेब साहित्य किंवा नजराणे स्वीकारले नाहीत, त्याचा शब्द खोटा पडत नाही, अशी त्याची ख्याती होती.

१७८५ च्या सुमारास तंजावरचा इंग्रज रेसिडेंट सलिव्हन व श्वार्ट्झ ह्या दोघांनी मिळून तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढविल्या. तेथे येणारी मुले बहुतेक ब्राह्मणांची व व्यापाऱ्यांची होती. मुलांस फसवून किंवा भुलवून ख्रिस्ती करावयाचे नाही, ही गोष्ट श्वार्ट्झने स्पष्ट केली होती. श्वार्ट्झ मिशनरी होता. लोक ख्रिस्ती व्हावेत अशी त्याची इच्छा होती, आणि ती त्याने कधी लपविली नाही. पण शाळेतील वर्ग ही त्यासाठी लावलेली जाळी होऊ नये, हा विवेक त्यास होता. संसारव्यवहारातील विद्येचे क्षेत्र स्वतंत्र आहे, ही लूथराची शिकवण ह्या विवेकाच्या मुळाशी होती, असे आम्हांस वाटते.

आता सरफोजींकडे वळू. तंजावरचे राजे तुळजाजी हे १७८७ साली मरणासन्न झाले तेव्हा त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि श्वार्ट्झने मुलाचे पालकत्व पतकरावे अशी विनंती केली. श्वार्ट्झने एकट्याने तो भार घेण्यास नकार दिला. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग ह्यांच्याकडे कारभार गेला आणि दत्तकविधान अशास्त्र ठरवून इंग्रजांनी त्यांसच गादीवर बसविले. पुढची काही वर्षे सरफोजींनी जवळजवळ कैदेत काढली. जेथे उजेडही धड येत नाही अशा जागी मुलास ठेवले आहे, आणि त्यास शिकविणारा कोणी नाही, ही बातमी श्वार्ट्झपर्यंत पोहोचली. त्याने मद्रासच्या सरकारशी लिहालिही करून मुलाच्या रक्षणाची व शिक्षणाची व्यवस्था करविली. १७९३ साली तुळजाजींच्या राण्यांसह सरफोजींस मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके ह्या दुसऱ्या लूथरपंथी मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण चालले. दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार व्हावा म्हणून श्वार्ट्झने केलेले प्रयत्न अखेर फळास आले आणि १७९८ च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. शिष्याने गुरूच्या स्मरणार्थ इंग्लंडातील विख्यात मूर्तिकार फ्लॅक्समन ह्याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या ख्रिस्ती देवळात बसविले. मरणशय्येवरील गुरूचा हात शिष्याने धरला आहे, असा तो देखावा आहे.

ह्या शिष्याने गुरूकडून काय घेतले? धर्म घेतला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १८०३ साली सरफोजींनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. १८२० नंतर मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली. आणि अखेरपर्यंत ते आपल्या कुलाचारास धरून राहिले. परंतु त्यांच्या राजवाड्याकडे पाहिले तर जणू हालेची प्रतिकृतीच दृष्टीस पडते. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महालात त्यांनी काशीहून आणलेल्या संस्कृत पोथ्यांची आणि युरोपातून मागविलेल्या हजारो ग्रंथांची भर घातली. धन्वंतरी महालात वैद्य व हकीम औषधांची परीक्षा करीत. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्यांवर केलेल्या उपचारांची टिपणे ठेवली जात, आणि ती आजही पाहावयास मिळतात. शाळेस व छापखान्यास 'नवविद्याकलानिधि' हे नाव दिले होते. त्या छापखान्यात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावलि' हे मराठी भाषांतर देवनागरी अक्षरांत छापले गेले. १८२६ साली बिशप हीबर तंजावरास आला तेव्हा लाव्वाझिये, लिनियस, ब्युफाँ अशा शास्त्रज्ञांचे आधार सहज देणारा हा राजा पाहून तो थक्क झाला.

आम्हांस ह्या सर्वांहून अधिक विचार करावयास लावते ते 'देवेंद्र कुरवंजी' हे सरफोजींचे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ देशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी बाई येते आणि आपण कोणकोणते देश हिंडलो ते सांगते. सरफोजींनी हाच साचा घेऊन त्या बाईच्या तोंडून पृथ्वीवरील खंडांची व देशांची माहिती वदविली. हालेच्या शाळेतील भूगोलाचा पाठ तमिळ नाट्याच्या चालीवर मराठीत गाइला गेला! श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री, ह्याने आपल्या 'बेथलेहेम कुरवंजी'त कोपर्निकसाची सूर्यमाला गोवली. एक शिष्य ख्रिस्ती, एक शैव. दोघांनीही गुरूची विद्या आपल्या भाषेत व आपल्या गाण्यात उतरविली. भूगोल हा राजवाड्यातील चार पंडितांपुरता न राहता ऐकणाऱ्या प्रत्येकास कळावा, ही इच्छा त्यामागे आहे. आणि ही इच्छा हालेच्या गरिबांच्या शाळेतून आलेली आहे. ह्याच वृत्तीने सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंटास पत्र लिहून आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या छत्रांचे उत्पन्न राखून ठेवण्याची गळ घातली होती. कारण त्या छत्रांत वाटसरूंस अन्न मिळे, आजाऱ्यांस औषध मिळे आणि पोरक्या मुलांस शिक्षण मिळे. येथे मात्र हालेचे ऋण मानण्याचे कारण नाही. छत्रे भोसल्यांची स्वतःची होती. नव्या वारशाने जुन्या वारशाचे मोल राजास अधिक उमगले, इतकेच म्हणता येईल.

ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरफोजी गादीवर बसल्याला दीड वर्षही झाले नव्हते तोच, १७९९ च्या ऑक्टोबरात, तंजावरचा राज्यकारभार तहान्वये इंग्रजांकडे गेला. राजाकडे किल्ला, वार्षिक नेमणूक व वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि नाममात्र राज्यही संपले. ज्या गुरूने विद्या दिली त्याच्याच मध्यस्थीने इंग्रजांचा हात राजवाड्यात अधिक खोल शिरला, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे अवघड आहे. श्वार्ट्झने स्वतःसाठी काही मिळविले नाही, त्याचा हेतू निर्मळ होता, हे खरे. पण अनाथ मुलाच्या न्यायासाठी ज्या सत्तेचे दार त्याने ठोठावले ती सत्ता न्याय देऊन थांबणारी नव्हती. सरफोजींच्या विद्याव्यासंगास जी एवढी फुरसत मिळाली ती राज्य गेल्यामुळे मिळाली, हे कटू सत्य आहे. परदेशी गुरूचे ऋण मोजताना ही नोंदही त्याच पानावर करावी लागते.

लूथरी वारशातही डाग आहेत. तरंगंबाडीच्या मिशनने जातिभेद मोडला नाही. देवळात निरनिराळ्या जातींचे लोक निरनिराळे बसत, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात नव्या मिशनऱ्यांनी ही चाल बंद करू म्हणताच वर उल्लेखिलेल्या वेदनायकम शास्त्र्यांनीच तिची बाजू घेतली. खुद्द लूथराने १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात संस्थानिकांस कठोर होण्यास चिथावले, आणि १५४३ साली ज्यू लोकांविरुद्ध इतके विषारी पुस्तक लिहिले की चारशे वर्षांनंतर त्याच्याच देशातील अत्याचाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या लूथरी मंडळीने १९९४ साली जाहीरनामा काढून त्या लिखाणाचा निषेध केला. आम्हांस ह्या जाहीरनाम्याचे मोल मोठे वाटते. ज्याच्या नावाने आपण ओळखले जातो त्याचे पाप उघडपणे पाप म्हणावयाचे, आणि तरीही त्याने दिलेले चांगले टाकून द्यावयाचे नाही, हे अवघड काम आहे. अमेरिकेतील लूथरी महाविद्यालये आपल्या वारशाची चर्चा सतत करतात तिचे सार्थक ह्यात आहे. सेंट ओलाफमध्ये आरंभापासून मुलगे व मुली एकत्र शिकत आले. तेथील १९१२ साली स्थापन झालेला गायकवृंद जगप्रसिद्ध झाला. 'तुमचा धंदा ही तुम्हांस आलेली कोणती हाक आहे?' हा प्रश्न अशा महाविद्यालयांत आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवला जातो. मुलींची शाळा, सर्वांचे गाणे, कामाची प्रतिष्ठा ह्या विटेनबर्गच्या तीन गोष्टी ह्या रूपाने टिकून राहिल्या आहेत. त्यांच्या मागील श्रद्धा सर्वांची नसली तरी.

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे येऊ. पिंपरीस १९५४ साली सरकारी पेनिसिलिनचा कारखाना निघाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर माळरानांवर कारखान्यांची दाटी झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड ही महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मागोमाग अभियांत्रिकीची व व्यवस्थापनाची महाविद्यालये आली. त्यांतून सहस्रावधी तरुण पोटापाण्यास लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ह्यांपैकी एखाद्या संस्थेस 'तुमचा वारसा कोणता?' असे विचारले तर स्थापनेचे वर्ष आणि संस्थापकांची तसबीर ह्यांपलीकडे काय दाखविले जाईल? मूल्यशिक्षण हा तेथे वेळापत्रकातील एक तास असतो. हालेत ते सुतारकामाच्या बाकावर, औषधशाळेत आणि गरिबाच्या मुलाच्या पानात वाढलेल्या अन्नात होते.

आणि वारसा शोधण्यास ह्या पट्ट्यास दूर जावयाचे नाही. ह्याच पट्ट्याच्या एका कडेस देहू आणि दुसऱ्या कडेस आळंदी आहे. संतांच्या मागे शाळा निघाली नाही असे आम्ही वर म्हटले; ती उणीव ओळखून विष्णुबुवा जोग ह्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांचे शिष्य शंकर वामन दांडेकर, ज्यांस लोक सोनोपंत म्हणत, हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. प्लेटो शिकविणारा प्राचार्य आषाढीस टाळ घेऊन पंढरीची वाट चालतो, हे दृश्य पुण्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ह्याही वारशावर डाग होता. ज्या पंढरीत सर्व जातींनी एकमेकांच्या पाया पडावे तेथील देवळाचे दार अस्पृश्यांस बंद होते, आणि ते उघडण्यासाठी साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. वारसा सांगावयाचा तर तो हाही सांगितला पाहिजे.

आमचे म्हणणे असे नाही की चाकणच्या महाविद्यालयांनी लूथर शिकवावा, किंवा प्रत्येक वर्गात हरिपाठ म्हणावा. सक्तीच्या प्रार्थनेने कोणत्याच संस्थेस चारित्र्य आलेले नाही. सरफोजींस श्वार्ट्झने सक्तीने काहीच दिले नाही, म्हणूनच त्यांनी इतके घेतले. प्रत्येक संस्थेने आपल्या मागे कोणती श्रद्धा आहे हे धीटपणे तपासावे. तिच्यातील कोणत्या गोष्टीची लाज वाटली पाहिजे ते बोलावे. आणि जी गोष्ट राखण्यासारखी आहे ती रोजच्या वागण्यात आणावी. यंत्रशाळेत काम करणाऱ्या शिपायाशी प्राध्यापक कोणत्या शब्दांत बोलतो, कंत्राटी मजुराची मुलगी त्याच महाविद्यालयात शिकू शकते की नाही, इतिहास व काव्य हे विषय अभियंत्यास निरुपयोगी मानले जातात की काय, एवढे पाहिले म्हणजे संस्थेच्या वारशाची परीक्षा होते.

सरफोजींच्या उदाहरणातून एक गोष्ट आणखी घेण्यासारखी आहे, आणि ती आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. त्यांनी परक्यांची विद्या घेतली ती परक्यांच्या भाषेत ठेवली नाही. छापखाना हाती येताच त्यांनी मुलांसाठी मराठी पुस्तक छापविले. भूगोल कळताच तो मराठी नाटकात घातला. चाकणच्या कारखान्यांत आज जगातील उत्तम यंत्रविद्या नांदत आहे, आणि ती रोज हाताळणारे हात पुष्कळ अंशी मराठी आहेत. त्या विद्येवर मराठीत लिहिलेले, कामगाराच्या मुलास घरी बसून वाचता येईल असे पुस्तक त्या पट्ट्यातील महाविद्यालयांनी सिद्ध केले पाहिजे. राज्य गमावलेल्या एका राजाने दोन शतकांपूर्वी कावेरीकाठी हे काम आरंभिले होते. मूळच्या जहागिरीत ते पुढे चालविण्यास आज कोणताही रेसिडेंट आडवा येणार नाही.